अब्बांचा उलटा हात

अकोट, रविवार संध्याकाळ

आज लॅपटॉपच्या प्रोसेसरचा वेग वाढवलाच! थोडा चढवायचा, गेम चालवायचा, तापमान पाहायचं. नव्वदच्या वर गेलं की मागे यायचं. तरी धडधड. जळला तर?

अब्बा पंपाच्या मोटारी दुरुस्त करतात. मोटारीला लावतात तसाच उलटा हात त्यांनी लॅपटॉपला लावला, पाच मोजले. "चटका नाई बसत. चढव अजून." स्क्रीनवर ब्याऐंशी.

पुन्हा चढवला. या वेळी तीन मोजताच हात काढला. "बस कर बेटा, तापून राहिला." स्क्रीनवर एक्क्याण्णव! उलट्या हाताला कळतं कसं?

मी वेग एक पायरी मागे आणला. गेम तरी सुसाट. अब्बा म्हणाले, "मले पाहू दे जरा."

तासभर झाला. अब्बा गाड्यांची रेस खेळून राहिले, अन् उलटा हात मी लावून बसली आहे.