उभ्याने नेलेला वायुभारमापक

प्रति,
मा. प्रभारी अधीक्षक,
हवामान उपकरण तपासणी प्रयोगशाळा,
मुलुंड (पश्चिम), मुंबई.

विषय : प्रमाण वायुभारमापक बिघडविल्याबद्दल अर्जदारास दोषी ठरवून मिळणेबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराचे याच विषयावरील चार अर्ज. २) त्यांवरील आपले 'निकाली' असे चार शेरे. ३) अर्जदाराच्या बढतीचा आदेश, दि. ७ नोव्हेंबर १९८६.

महोदय,

१. अर्जदार जयवंत लवू परब हा आपल्या प्रयोगशाळेत अकरा वर्षे यांत्रिकी सहायक आहे. बाहेरून आलेली यंत्रे आपल्या प्रमाण यंत्रांशी ताडून पाहणे, चुकत असतील तर जुळवणे आणि चिठ्ठी बांधून परत पाठवणे हे त्याचे काम. हवेचा दाब मोजणारी सर्व यंत्रे आपल्या भिंतीवरच्या पाऱ्याच्या वायुभारमापकाशी जुळवली जातात. त्यास आपण सारे 'स्टँडर्ड' म्हणतो आणि त्याच्यासमोर चपला काढतो. चपला काढण्याचा नियम कोठेही लेखी नाही.

२. खंडेनवमी यंदा सुट्टीत येत असल्याने कार्यालयातील यंत्रांची पूजा शुक्रवार दि. १० ऑक्टोबर रोजीच उरकण्यात आली. दरवर्षी पाटावर एक पर्जन्यमापक, टंकलेखन यंत्र आणि पेचकस असे मांडण्यात येते. यंदा आपण अशी इच्छा व्यक्त केली की, बाकीची यंत्रे ज्याच्याकडे पाहून शहाणी होतात त्या स्टँडर्डलाच मधला मान मिळावा. अर्जदाराचाही ऊर भरून आला, हे तो नाकारत नाही.

३. सदर यंत्र हलवताना तळाचा स्क्रू आवळून नळी पाऱ्याने पूर्ण भरावी, मग यंत्र उलटे करून, डोके खाली धरून न्यावे, असा नियम आहे. अर्जदार त्याप्रमाणे ते उलटे करू लागला असता सफाई कामगार सुंदराबाई म्हणाल्या, "अरे जयवंता, पूजेला नेतोस आणि डोकं खाली? मयत न्यायचंय काय तुला?" वरिष्ठ लिपिक श्री. नंदकिशोर यांनीही, सणासुदीचे तसे बरे दिसत नाही, असे मत दिले. अर्जदारालाही ते पटले. त्याने यंत्र सरळ उभे, देवाची मूर्ती न्यावी तसे दोन्ही हातांत धरून, हॉलपर्यंत नेले आणि आरतीनंतर तसेच परत आणून टांगले. ही चूक सर्वस्वी अर्जदाराची आहे. नियम त्याला ठाऊक होता, सुंदराबाईंना नव्हता.

४. नळीच्या वरच्या टोकाशी पोकळी असते आणि तिच्यात हवा नसावी लागते. यंत्र चांगले असल्यास ते हलकेच तिरके केले की पारा काचेवर आपटून 'टक्' असा आवाज येतो. सुट्टीनंतर आठवड्याने, दि. २१ ऑक्टोबर रोजी, अर्जदाराने तसे करून पाहिले. आवाज आला नाही. आत हवा शिरली होती आणि पारा आठ मिलिबार खाली दबला होता. भांडारात मोडीत काढलेला एक जुना वायुभारमापक आहे, त्याच्याशी ताडून पाहता आठच मिलिबारचा फरक निघाला. यावर आपला शेरा असा की, मोडीत काढलेले यंत्र बरोबर असू शकत नाही.

५. दुसऱ्या अर्जावर आपण, न आलेल्या आवाजाचा पुरावा जोडावा, असे फर्मावले. तो जोडता न आल्याने अर्जदारास कानांच्या तपासणीसाठी पाठवण्यात आले. कान उत्तम निघाले. मग डोळे तपासण्यात आले, तेही उत्तम निघाले. त्यावर, ज्याचे कान व डोळे उत्तम आहेत त्याच्या हातून यंत्र बिघडणे संभवत नाही, असा निष्कर्ष नोंदवून तिसरा अर्ज निकाली काढण्यात आला.

६. चौथ्या अर्जावर रीतसर चौकशी झाली. कार्यालयीन वेळेत धार्मिक कार्यक्रम करण्यास मनाई असल्याने दि. १० ऑक्टोबर रोजी अकरा ते साडेबारा 'साफसफाई' अशी नोंद आहे. सबब पूजा झाली नाही. पूजा न झाल्याने यंत्र हलले नाही आणि न हललेले यंत्र बिघडत नाही. अर्जदाराने पूजेचा फोटो सादर केला. त्यात आपण आरतीचे तबक घेऊन उभे आहात आणि यंत्राला कुंकू लागलेले स्पष्ट दिसते. सदर फोटो साफसफाईचा म्हणून दप्तरी दाखल झाला आहे.

७. एवढ्यावर अर्जदार गप्प बसला असता. त्याला दोषी ठरण्याची हौस नाही, घरी पत्नी रत्नप्रभा व दोन मुली आहेत. परंतु पूजेनंतर, बिघाड लक्षात येण्यापूर्वी, त्याने एकोणीस तबकडीचे वायुभारमापक या बिघडलेल्या स्टँडर्डशी जुळवले. अठरा आपल्याच भांडारात आहेत. एकोणिसावा वेसाव्याच्या मच्छीमार सोसायटीचा असून तो दि. २० ऑक्टोबर रोजी धक्क्यावर परत गेला. त्याच्या काचेवर अर्जदारानेच पूर्वी लाल रेघ काढून दिली आहे. काटा रेघेखाली गेला तर होड्या बाहेर काढायच्या नाहीत, असा तिथला शिरस्ता. आता आठ मिलिबारच्या चुकीने तो काटा लख्ख उन्हातही रेघेखालीच बसतो.

८. पहिले चार दिवस होड्या किनाऱ्यावर राहिल्या. वादळ काही आले नाही. पाचव्या दिवशी सोसायटीतले एक होडीवाले, रामनाथ तांडेल, यांनी त्या यंत्रावर कॅलेंडर टांगले व होडी काढली. गेल्या रविवारी अर्जदार स्वतः तेथे जाऊन, यंत्र चुकीचे आहे, त्याच्याकडे बघू नका, असे सांगून आला. तेव्हा रामनाथ हसून म्हणाले, "त्या आमाला कवाच कलला." त्यांच्या पत्नी पार्वतीबाई मासळी निवडत होत्या. त्या म्हणाल्या, "तुजा काटा रोजच रडते. आमी काय घरान बसून मरावाचा?" त्याला लाज वाटली, आणि ती अजून वाटते.

९. सोसायटीचे यंत्र परत मागवावे, अशी विनंती अर्जदाराने दर वेळी केली. प्रमाणपत्र चुकीचे ठरल्याखेरीज यंत्र परत मागवता येत नाही, स्टँडर्ड बिघडल्याखेरीज प्रमाणपत्र चुकीचे ठरत नाही, आणि कोणी दोषी असल्याखेरीज स्टँडर्ड बिघडत नाही, असे आपले उत्तर आहे. म्हणून अर्जदार स्वतःला दोषी ठरवून मागत आहे. प्रत्यक्षात शुक्रवारी त्याच्या हाती, प्रमाण यंत्र अकरा वर्षे निर्दोष राखल्याबद्दल, बढतीचा आदेश पडला. घरी पेढे वाटून झाले.

१०. आज सोमवारी सकाळी कार्यालयात येताच अर्जदाराने भांडारातील मोडीत काढलेले यंत्र पाहिले. शुक्रवारी त्यावर १०११ होते. आज आठ वाजता १००४ होते, आणि साडेदहा वाजता १००१. ही घसरण स्टँडर्डवरही तेवढीच दिसते, फक्त आठने खालून. म्हणजे हवा खरोखरच बिघडते आहे, आणि वेसाव्याचा काटा या क्षणी खरे सांगत आहे. तो कॅलेंडरखाली आहे. त्याच्याकडे बघू नका, असे तेथील माणसांना अर्जदारानेच सांगून ठेवले आहे. सोसायटीत टेलिफोन नाही. शेजारच्या बर्फाच्या कारखान्यात आहे, पण आपल्या केबिनमधील टेलिफोनला कुलूप आहे आणि आपण बाराला येता. रामनाथ यांची होडी, त्यांचा धाकटा भाऊ लहू व आणखी पाच जण यांच्यासह, तीनच्या भरतीला सुटते.

तरी महोदय, मागील चारही अर्ज रद्द समजावेत. पूजा झाली नाही, यंत्र हलले नाही, अर्जदाराचे कान चुकले, असे जे आपणांस सोयीचे असेल ते लिहावे. अर्जदार त्याखाली सही करील. अर्जदार हा अर्ज आपल्या टेबलावर ठेवून, रजा न मागता, जुना वायुभारमापक नियमाप्रमाणे उलटा धरून, वेसाव्यास निघाला आहे. सरकारी वस्तू परवानगीशिवाय बाहेर नेल्याचा आणि कामावरून निघून गेल्याचा, असे दोन गुन्हे त्याच्या नावे आजच नोंदवावेत. ते दोन्ही खरे आहेत. तांडेलांनी त्याचे ऐकले नाही, तर तोही त्याच होडीत बसेल. माणसांना खोटा काटा देऊन एकट्याने किनाऱ्यावर उभे राहणे त्याला जमणार नाही. तसे घडल्यास उद्याच्या गैरहजेरीबद्दल निरोप पाठवता येणार नाही, याची कृपया नोंद घ्यावी.

आपल्या उत्तरासाठी थांबू न शकलेला,

(सही)
जयवंत लवू परब
यांत्रिकी सहायक
सोमवार, दि. १० नोव्हेंबर १९८६, सकाळी १०.५०

सोबत :
१) बढतीचा आदेश, मूळ प्रत, परत.
२) भांडाराची किल्ली.
३) अर्जदाराच्या घरचा पत्ता.