बाकावर बसून राहिलो

रवि. १२ एप्रिल
ईस्टरपासून लिहीन लिहीन म्हणतोय. पेन नव्हतं. पेन मिळालं तर बाईकची चेन काढून बसलो. आज टाळता येत नाही.
सकाळच्या मिस्साला ख्रिस्तप्रसाद घ्यायला उठलो नाही. आईने कोपराने ढोसलं. मी पाय आत घेतले, अख्खा बाक मला ओलांडून पुढे गेला. गावात याचा अर्थ सगळ्यांना कळतो: याच्या मनावर पाप आहे. सिल्विया मात्र रांगेत होती. हात जोडलेले, शांत. मे-अखेर आमचं लग्न, पुढच्या रविवारी चर्चमध्ये लग्न ठरल्याची नावं पुकारायची.
घरी बाबा एवढंच म्हणाले, "काय करून बसलास?"

सोम. १३
काय केलं, तर ईस्टरआधीच्या उपवासकाळात गास गावात तिच्या मावशीचं घर रिकामं होतं. दोघांच्या मर्जीने. छान वाटलेलं. हे लिहितानाही हात अडतो. तेव्हापासून तिने हात धरला की मी सोडवून घेतो.
लग्नाआधीच्या शिबिरात डॉक्टरबाई म्हणाल्या, शरीर ही देवाची देणगी. सगळे पोरगे बुटांकडे बघत होते. मीपण. देणगी, तर मग मला असं का

मंगळ. १४
सिल्वियाचा फोन. आधी चिडवलं, "काय संत महाराज, गुडघे दुखत होते का?" मी हसलो नाही. मग आवाज बदलला.
"मी देवाला सगळं सांगून रांगेत गेले. लग्नापर्यंत वाट बघितली नाही, त्याचं वाईट वाटलं मला. तू जवळ होतास त्याचं वाईट नाही वाटलं. तू बसून राहिलास, म्हणजे मी कोण, घाण?"
ती म्हणाली, शनिवारपर्यंत सांग, नाहीतर नावं पुकारू नका म्हणून मीच फादरना सांगते.
मी खरं वागायला बसून राहिलो होतो. तिला हे असं लागेल...

गुरु. १६
तिच्याकडे निघालेलो. ज्याच्याकडे साऊंडचं काम करतो त्या मालकाने जूचंद्र गावात स्पीकर टाकायला पाठवलं. तिथे हॉलमध्ये पोरं रांगोळीने एका बाईचा चेहरा काढत होती. गालावर आठ-दहा रंग चाळणीतून. बघत बसलो. अंधार झाला. गेलो नाही.

शुक्र. १७
चर्चमध्ये फादरपुढे पापनिवेदन केलं. फादरनी विचारलं, प्रेम आहे का तिच्यावर? आहे म्हटलं. "मग चूक झाली ती चूक म्हण. तिला चूक म्हणू नकोस. लग्नानंतरही असाच हात सोडवून घेणार का?"
बाहेर येऊन नारळाखाली उभा राहिलो. पाप धुतलं असेल. पण ती आठवली की अंग अजून आखडतं. एका रात्रीत कसं जाणार, महिन्यात तरी कसं.

शनि. १८
सकाळपासून तिचा फोन बंद. सांगायचंय ते तोंडपाठ केलं, चारदा बदललं. 'तू घाण नाहीस' हे सांगायला सोपं. हात धरीन का, ते तिथे गेल्यावरच
शर्ट घातलाय, निघतोच.
आई हाक मारतेय. अंगणात रिक्षा. सिल्वियाची आई आलीय, एकटीच. आत यायला तयार नाही, म्हणते, आधी त्याला बाहेर पाठवा, उद्या नावं पुकारायची का ते त्याच्याच तोंडून ऐकायचंय.