धरायचं विसरलेला चुंबक

ती. आत्यास,

साष्टांग नमस्कार, आणि तो सकाळच्या पहिल्या चहाआधीच स्वीकार. नंतर तू कुणाचं काही ऐकून घेत नाहीस.

"चुंबक इस्त्रीजवळ ठेवू नकोस गं, तो धरायचं विसरतो," असं तू एकदा शिलाई मशीनवरची मान न वळवता म्हणाली होतीस. टाचण्या गोळा करायचा तुझा तो लाल चुंबक. विसरतो म्हणजे आत नेमकं काय होतं, हे तू सांगितलं नाहीस, म्हणून मला चुंबकांच्या कारखान्यात नोकरी धरावी लागली.

बोटांची पकड कशी आहे? (शेजारच्या वहिनी सांगत होत्या, कप दोनदा पडला. तू म्हणशील, कपच गुळगुळीत होता.)

पडापड आमच्याकडेही चालू आहे. गरमीतही धरून राहतो म्हणून साहेब पाहुण्यांना आमचा चुंबक तापवून दाखवतात, त्याला हातोडी लटकवून. परवा ती त्यांच्या बुटावर पडली. थंड असताना बहाद्दर, तापला की हात सोडून मोकळा. चुंबक धातूच्या भुकटीचा करतात, मी आधी तिच्यावर संशय घेतला. (मैद्यासारखी असते, पण तिला हवा लागली की पेट घेते, म्हणून सूनबाईसारखी जपावी लागते.) तिचे सगळे दाणे एका दिशेला तोंड करून दाबतात, मग भट्टी. भट्टी जास्त झाली तर दाणे फुगतात, आणि फुगलेले दाणे गरमीत लवकर हार मानतात. पण दाणे नीट होते. मग हलक्या आचेवर दुसरा शेक देतात, त्याने दाण्यादाण्यात पातळ साय धरते, म्हणजे एकाने पाठ फिरवली तरी शेजाऱ्याने फिरवू नये. ही साय टिकवायला शेकानंतर पंख्याने झटपट गार करावं लागतं.

आणि पंखा रोज दुपारी मंद. का, म्हणून भट्टीवाल्या काकांना विचारलं, तर त्यांनी आधी छताकडे पाहिलं. भिंतीपलीकडे हिशेबनीस बाई बसतात, त्यांना अर्धशिशी आहे, पंख्याने भिंत घुमते. "पोरीचं डोकं फुटायचं, त्यापेक्षा चुंबक हळूहळू गार होऊ देत," काका म्हणाले. मला रागवायचं होतं, जमलं नाही.

आता बाई माझ्या टेबलाशी बसतात आणि मी त्यांच्या जागी, भिंतीपाशी. अक्षर हलतंय ते जोरात चाललेल्या पंख्यामुळे. हातोडी पडत नाही.

तुझीच,
भाची

ता. क. तुझा चुंबक नुसता इस्त्रीने विसरला असेल, तर तो बरा होतो. आमच्या यंत्रात ठेवला की एका झटक्यात त्याला सगळं आठवतं.

आणखी ता. क. तो पोस्टाने पाठवू नकोस, स्वतः घेऊन ये. खिडकीची खोली रिकामी केली आहे, तुझं मशीन तिथे बसतं. बोटांना कुणी झटका देऊन आठवण करून देत नाही, हे मला कळतं. पण पडलेला कप उचलायला माणूस तर असेल. दोन दिवसांसाठी म्हणून ये आणि मग राहा. तू नाहीच म्हणणार. तरी, येतेस का?