सात नावांची यादी

वॉटफर्ड
१४ सप्टेंबर २०२५

प्रिय ऋजुता,

नमस्कार. तू, अनुप आणि आश्लेषा बरे असाल असं धरून चालते. इकडे ठीक. सतीशच्या गुडघ्याचं ऑपरेशन जुलैत झालं, आता काठीशिवाय स्टेशनपर्यंत जाऊन येतो. तुमच्या जुन्या घरात एक रोमानियन कुटुंब आलंय. त्यांनी पुढची हेज, झुडपांचं कुंपण, काढून टाकली, त्यामुळे माझ्या किचनमधून आता थेट तुमचं दार दिसतं.

तुझा मेसेज मंगळवारी मिळाला. वर्षभरात तुझे किती फोन मी घेतले नाहीत, आणि तू तरी ‘बिझी असशील’ असंच लिहिलंस. आश्लेषा सतरा वर्षांची झाली, कॉलेजचं नाव काढत नाही, विचारलं तर म्हणते, ‘शाळेला मी नको होते, माझ्यातच काहीतरी कमी असेल.’ मी तिच्याशी बोलावं असं तू म्हणतेस, कारण ती माझं ऐकते.

त्याआधी तुला काही सांगायला हवं. ते फोनवर जमणार नाही, म्हणून पत्र.

मी शाळेत डेटा मॅनेजर आहे हे तुला माहीत आहे. नेमकं काय करते ते तू कधी विचारलं नाहीस आणि मी सांगितलं नाही. शाळेत कोण मुलं आहेत आणि ती किती शिकली, हे आकड्यांत मांडायचं. आमची साधी सरकारी शाळा. घरी बोलल्या जाणाऱ्या भाषा एक्केचाळीस. दर तिसऱ्या मुलाला फ्री स्कूल मील, घरचं उत्पन्न कमी म्हणून. आश्लेषाच्या इयर इलेव्हनमध्ये, शाळेच्या शेवटच्या वर्षात, २०२३च्या सप्टेंबरला एकशे एक्क्याण्णव मुलं होती. त्यांत गुजराती अडतीस, तमिळ बावीस, मराठी तीन.

जानेवारीत एका गुरुवारी सगळ्या शाळांची मोजणी होते. त्या दिवशी इयर इलेव्हनची जी मुलं पटावर असतील, त्यांचेच जीसीएसईचे, म्हणजे शाळेच्या शेवटच्या परीक्षेचे, निकाल शाळेच्या नावावर लागतात. इंग्लिश आणि मॅथ्स, दोन्हींत पाच किंवा वरची ग्रेड किती टक्के मुलांना मिळाली, हा आकडा सगळे बघतात. घर घेणारे आईबापसुद्धा. आदल्या वर्षी आमचे चोपन्न टक्के होते. मिसेस हॅलोरन तेव्हा नवीन हेड, मुख्याध्यापिका, होती आणि तिला साठ हवे होते.

ऑक्टोबरात तिने मला बोलावलं. म्हणाली, “ज्यांची हजेरी सत्तरच्या खाली आहे आणि जे पास होणार नाहीत, त्यांच्याशिवाय आपला आकडा काय येतो ते दाखव.” मी यादी करून दाखवला. त्यानंतर दोन महिन्यांत सात घरांतून पत्रं आली की आम्ही मुलाला घरीच शिकवणार आहोत. जानेवारीच्या मोजणीत एकशे चौऱ्याऐंशी मुलं होती. मराठी, दोन.

आता डिसेंबरची ती मीटिंग. तू ऑफिसात कोट न काढता बसली होतीस. मी तिथे का होते, हे तू विचारलं नाहीस. तुला वाटलं मैत्रीण म्हणून. हेडने मला आदल्या दिवशी सांगितलं होतं, “त्यांचा तुझ्यावर विश्वास आहे, तू बस.”

आश्लेषाला सकाळी पोटात दुखायचं, उच्चारांवरून मुली हसायच्या, हजेरी अडुसष्ट टक्के. हेड म्हणाली की अशा मुलांना शाळेचं वातावरण मानवत नाही, घरी शिकलेली बरी. तेव्हा तू माझ्याकडे वळून मराठीत विचारलंस, “देविका, खरं सांग. तुझी मुलगी असती तर काय केलं असतंस?”

मी म्हटलं, “घरीच ठेवली असती. सही कर.”

मला मुलगी नाही, त्यामुळे उत्तर सोपं गेलं.

जे सांगितलं नाही ते असं. शाळेला तिला काढता येत नव्हतं. तिची जागा तिची होती. तिला परीक्षेला वेगळी खोली मागता आली असती, हसणाऱ्या मुलींबद्दल लेखी तक्रार करता आली असती. तू ज्या पत्रावर सही केलीस ते मी टाईप केलं होतं. ‘आम्ही स्वतःच्या इच्छेने’ हे शब्द माझे.

इथपर्यंत लिहून मी चहा करून आले. राहिलेलं लिहिते.

ऑक्टोबरात हेडने स्वतः नावं वाचून दाखवली ती सहा होती. आश्लेषाचं त्यात नव्हतं. मॅथ्समध्ये ती चांगली होती, म्हणून नापासांत ती हेडच्या लक्षात आली नव्हती. फिल्टर लावला तेव्हा सातवं नाव वर आलं. इंग्लिशमध्ये तिला तीन ग्रेडचा अंदाज होता. मला ते काढून टाकता आलं असतं, कुणी विचारलं नसतं. पण वाटलं, आपल्यातली म्हणून वगळली असं उद्या कुणी म्हणायला नको. म्हणून ठेवलं. मी प्रामाणिकपणा म्हणून ठेवलं, ऋजुता.

पुढच्या ऑगस्टात निकाल लागले. एकशे चौऱ्याऐंशीत एकशे अकरा. साठ पूर्णांक तीन. स्टाफरूममध्ये केक कापला. घरी येऊन मी आश्लेषा नापास धरून गणित केलं. एकशे पंच्याऐंशीत एकशे अकरा म्हणजे बरोबर साठ. ती नापास झाली असती तरी साठच भरले असते. त्यानंतर तुझे फोन घेणं मला जमेना.

तुझा मेसेज वाचल्यावर बुधवारी मी कौन्सिलला आणि शाळा तपासणाऱ्या इन्स्पेक्टरना लिहिलं. सगळ्या तारखा आणि ईमेल दिल्या. शुक्रवारी मला चौकशी होईपर्यंत घरी राहायला सांगितलं. सतीश म्हणतो, दोन वर्षांपूर्वी का नाही?

मी आश्लेषाशी बोलणार नाही. हे पत्र तिला दे. तिची शाळा सुटली ती यादीमुळे, आणि त्या यादीत तिचं नाव मी घातलं.

माफी मागितली तर तू लगेच माफ करशील, म्हणून मागत नाही.

देविका


बेसिंगस्टोक
२५ जानेवारी २०२६

देविका,

पत्र सप्टेंबरातच मिळालं. अनुप म्हणाला उत्तर देऊ नकोस. मी चार महिने त्याचं ऐकलं.

पत्र मी आश्लेषाला दिलं. तिने दोनदा वाचलं. मग विचारलं, “आई, म्हणजे सहा नावं बाईंनी दिली आणि माझं मावशीने?” मी हो म्हटलं. ती वर खोलीत गेली. मला वाटलं, हे आता जास्तच बिघडणार, आणि तुझा जो राग आला तो लिहीत नाही. तासाभराने ती लॅपटॉप घेऊन खाली आली. नोव्हेंबरात इंग्लिश आणि मॅथ्स देता येतात, रेडिंग गावात परीक्षेचं सेंटर आहे, उद्या पैसे भरायला हवेत, म्हणाली. पावणेदोन वर्षांत तिने स्वतःहून काही मागितलेलं ते पहिलं.

पहिल्या पेपरला ती दारातून परत फिरून कारमध्ये येऊन बसली. पाच मिनिटांनी उतरली आणि आत गेली.

मॅथ्स सहा. इंग्लिश चार. म्हणजे तुमच्या त्या टक्क्यात ती बसलीच नसती. तरीही तिला त्या वर्गात बसायचा हक्क होता, हे मला माझ्या मैत्रिणीने सांगायला हवं होतं. सप्टेंबरपासून कॉलेज आहे. फॉर्म तिनेच भरला.

कौन्सिलच्या बाईंचा फोन आला होता. त्यांनी विचारलं, दुसरा काही पर्याय आहे असं तुम्हाला सांगितलं होतं का? नाही म्हटलं. मग विचारलं, मीटिंगमध्ये तुमच्या भाषेत काही बोलणं झालं का? झालं, म्हटलं. काय, ते सांगितलं. तुझं नाव सांगितलं. तू आधीच सगळं लिहून दिलंयस हे माहीत होतं, तरी सांगताना जड गेलं.

तुझी नोकरी गेल्याचं सतीशकडून अनुपला कळलं. मिसेस हॅलोरन दुसऱ्या शाळेत हेड झाली, हेही कळलं. बाकीच्या सहा जणांना कुणी काही कळवलं का, ते बघ. तुझ्याकडे त्यांची नावं आहेत.

आश्लेषा तुला अजून मावशीच म्हणते. मी तिला अडवत नाही.

फोन करू नकोस. करायचा झाला तर मी करीन.

आश्लेषाची आई,
ऋजुता