गवंड्याची पहार आणि माझे डोळे

मी, गल्लीत ‘ठोक्या’ म्हणून ओळखला जाणारा लोहार, वय चौऱ्याहत्तर, हे मृत्युपत्र कोणाच्या दडपणाशिवाय स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. शंका असेल त्याने बायकोला विचारावं. ती नाही म्हणेल, पण ते तिचं जुनंच मत आहे.

जन्मभर मी नवं लोखंड विकत घेतलं नाही. मोडक्या ट्रकचे पाटे, झिजलेल्या कानशी, गंजलेल्या सळ्या यांचेच विळे, कोयते केले. पाटा भट्टीत तापू लागला की तो ट्रक ज्या रस्त्यांवरून गेला ते रस्ते मला दिसत. धुकं, वळणं, टपरीवरचा दिवा. हात ऐरणीवर आणि मी अर्धा तिकडे. आता काम सुटलं आहे, त्यामुळे सबंध दुपार तिकडेच असतो.

१. राहतं घर बायकोच्या नावे. स्वयंपाकघराच्या खिडकीचे गज मी जुन्या सळ्या वाकवून केले. त्यातून मांजर आत येतं, हे ती बत्तीस वर्षं ऐकवते आहे. गज बदलू नयेत. मांजराचाही आता हक्क झाला आहे.

२. मेहुण्याने एका दिवसासाठी नेलेला मोठा घण एकोणीस वर्षं त्याच्याकडे आहे. तो त्यालाच दिला. आता तरी त्याने मला पाहून रस्ता ओलांडू नये.

३. भट्टी, ऐरण, भाता, सगळ्या सांडशी आणि अंगणातला भंगाराचा ढीग मुलीला. कारण पुढे येईल.

४. सहा वर्षांपूर्वी गवंड्याने पहार करायला सांगितली. त्यासाठी माझा जिवाभावाचा मित्र, भंगारवाला, ट्रकचा दांडा घेऊन आला. “हात लावून बघ, अस्सल माल आहे,” म्हणाला. पहार आठ दिवसांत मोडली आणि गवंड्याचं मनगटही. मी भर बाजारात भंगारवाल्यावर ओरडलो, “कुजकं लोखंड गळ्यात मारलंस!” माझी वस्तू तोवर कधी परत आली नव्हती, म्हणून लोकांनी माझं खरं मानलं. त्याचं दुकान बसलं.

लोखंड शेंदरी झालं की बाहेर काढायचं. पांढरं होऊ दिलं तर ते आतून जळतं आणि वरून कळतही नाही. पहार केली त्या दिवशी भात्यावर मुलगी होती. “बाबा, काढा, पांढरं व्हायला लागलंय.” मी म्हणालो, “तू मला रंग शिकवणार?” मला तो शेंदरीच दिसत होता. त्यानंतर तापवायचं काम तिने न बोलता स्वतःकडे घेतलं. म्हणून माझं नाव राहिलं.

गेल्या वर्षी मोतीबिंदू काढला. पट्टी सुटल्यावर भट्टीपाशी जाऊन बसलो. मुलीने तापलेला तुकडा बाहेर काढला.

“हा कसला रंग?”

“शेंदरी, बाबा. नेहमीचाच.”

इतका सुंदर रंग मी कित्येक वर्षं पाहिला नव्हता. मी ज्याला शेंदरी म्हणत होतो, तो याच्या फार पुढचा, पांढऱ्याजवळचा होता. अडगळीतून मोडकी पहार काढली. मोडली तेव्हा ती नीट पाहायचं मी टाळलं होतं. मोडलेल्या जागी साखरेसारखे जाड कण होते. जळलेलं लोखंड असंच मोडतं. माल चोख होता. चूक माझी होती.

तेव्हापासून तीनदा भंगारवाल्याच्या दारापर्यंत जाऊन परत आलो. लाज वाटते, दुसरं काही नाही. दुपारी डोळा लागला की आम्ही दोघं त्याच्या हातगाडीवर बसलेलो असतो. गाडी कोणी ओढत नाही, तरी चालत असते. जाग आली की वाईट वाटतं.

५. म्हणून माझ्यामागे मुलीने चौथं कलम भर बाजारात मोठ्याने वाचावं आणि मोडकी पहार भंगारवाल्याच्या हातात द्यावी. त्याने माफ करावं असं मी लिहीत नाही. तेवढं मागायचं तोंड मला उरलेलं नाही.

साक्षीला कोणाला आणायचं ते मुलीवर सोपवलं आहे. येणाऱ्याने आधी सगळं वाचावं, मग सही करावी.

ठिकाण: भट्टीपुढची खोली
दिनांक: १७ मार्च
सही: ठोक्या

साक्षीदार
१. निवृत्त पोस्टमन (सही)
२. भंगारवाला (सही)
वाचलं. सही केली आहे. पण एवढ्यासाठी तुझ्या मरणाची वाट मी बघत बसणार नाही. उद्या सकाळी येतो. तोंडाने सांग.