पुढच्या सीटवरचा कुकर

आई, तुझा कुकर परत आला. फ्रँकफर्टहून, माझ्याबरोबर, गाडीच्या पुढच्या सीटवर बसून.

तू न पाहिलेला तुझा जावई नोकरीसाठी तिकडे राहतो, मी इकडे एर्लांगेनला. दर शनिवारी मी गाडी घेऊन जायची, रविवारी परत यायची. त्या रविवारी चहा पिता पिता तो म्हणाला, "आता दर आठवड्याला धावपळ करू नकोस. आल्झो... म्हणजे, थोडे दिवस वेगळं राहून बघू या." वेगळे तर राहतच होतो! पण मी भांडले नाही. निघाले तेव्हा बर्फ पडायला लागला होता. तो गाडीपर्यंत आला, पिशवीतला कुकर पुढच्या सीटवर ठेवला. "हा घेऊन जा. नव्या इंडक्शनवर चालत नाही. पोचलीस की मेसेज कर."

गाडी सुरू केली तर पीं पीं करायला लागली. कुकरच्या वजनाने तिला वाटलं, माणूस बसलंय आणि बेल्ट लावलेला नाही. उतरून तो मागे ठेवायचं त्राण नव्हतं. कुकरलाच बेल्ट लावला. हसू आलं, आणि मग बराच वेळ रडले.

वुर्त्सबुर्गच्या अलीकडे बर्फ असा कोसळायला लागला की रस्त्यावरचे पट्टेही दिसेनात. एरवी मागून दिवे मारून वाट मागणारे हे लोक, त्या रात्री बर्फ काढणाऱ्या गाडीच्या नारिंगी दिव्यामागे शाळेतल्या पोरांसारखे ओळीने चालले होते. मी रेडिओ बंद केला. वायपरचा तेवढा आवाज. मागे कुणी थांबवलं नव्हतं, पुढे कुणी वाट बघत नव्हतं. आणि आई, तुला म्हणून सांगते, मला छान वाटायला लागलं. ही वाट संपूच नये असं वाटलं.

तेव्हा आंबा घाट आठवला. दाट धुकं, बाबा गाडी चालवताहेत, आणि पुढे बसून पेंगते म्हणून तू मला मागे पिटाळतेस. "ड्रायव्हरशेजारच्यानं झोपायचं नाही!" मग तू पुढे बसतेस, संत्रं सोलतेस, एकेक फोड बाबांच्या हातावर ठेवतेस आणि अखंड बोलतेस. कुणाचं लग्न ठरलं, कुणाची सून कशी. बाबा नुसतं हं, हं. मला वाटायचं, काय ही कटकट! मी गाडी चालवायला लागले की माझ्या शेजारी तुझा जावई दहा मिनिटांत झोपायचा. दमलाय बिचारा, म्हणून मी कधी उठवलं नाही. उठवायला हवं होतं, नाही?

पोचल्यावर त्याला 'पोचले' एवढंच लिहिलं. त्याचा अंगठा आला.

तू जाऊन तप उलटलं, हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकणार? पण एक सांगायचं राहिलं. कुकर अजून वर नेलेला नाही. भात मी पातेल्यात करते. तो गाडीतच आहे, पुढच्या सीटवर, बेल्ट लावून. सकाळी ऑफिसला जाताना अंधारच असतो. मी त्याच्याशी बोलते, कुणाचं काय ठरलं ते सगळं.