बाहेरची कडी

प्रिय धाकट्या,

सुताराची पोरं म्हणून तुझी-माझी एक तक्रार जन्माची: बाबांनी घराच्या दाराला बाहेरून कडी कधी बसवलीच नाही. सगळ्यांनी मिळून कुठं जायची सोय नाही, एकानं राखण करायची. बहुतेक वेळा तूच, गाल फुगवून! गिऱ्हाइकांच्या दारांचंही तेच. गिऱ्हाईक विचारायचं, "मिस्त्री, कुलूप कुठं लावू?" बाबा म्हणायचे, "दुसरा सुतार बघा. माझं दार आतल्या माणसाचं." आपण हसायचो. तरुणपणी ते गुलाम होते, वीटभट्टीवरच्या कोठडीत त्यांना बाहेरून कोंडत, एवढं माहीत होतं. गुलामी रद्द झाली आणि ते सुटले, असं आपण धरून चाललो.

तू घटनेच्या मसुदा समितीवर गेलास तेव्हा मी गल्लीभर मिरवले. काल तो मसुदा बाबांना मोठ्यानं वाचून दाखवला. 'कोणालाही गुलाम म्हणून राबवता येणार नाही' याला त्यांनी मान डोलावली. पुढं मी वाचलं, 'शिक्षा झालेल्या कैद्यांखेरीज'. ते उठले, बाहेर गेले आणि दारावर कडी असते त्या जागी हात फिरवत उभे राहिले. मग पहिल्यांदाच बोलले. सुटकेनंतर आठवड्यातच शिपायांनी त्यांना रस्त्यात धरलं होतं. गुन्हा काय, तर कामाविना भटकणं! शिक्षा झाली, आणि कैदी म्हणून राबायला रवानगी त्याच भट्टीवर, त्याच कोठडीत. गुलामी रद्द करणाऱ्या कायद्यातही हेच शब्द होते, 'नंतर काढू' म्हणून ठेवलेले. कैदी म्हणवून घ्यायची लाज वाटली, म्हणून आपल्याला कधी सांगितलं नाही.

तू म्हणशील, ताई, चोराला गादीवर बसवू का? नको. कोंड, शिक्षा कर. पण माणसाला मालकीची वस्तू करायची मुभा सरकारला कशाला? असं एक 'खेरीज' ठेवलंस की त्यात बसवायला माणसं शोधली जातात, आणि सापडतात ती आपल्यासारखीच. मग पुढच्या कलमातली तुझी समता कोणाच्या वाट्याला येणार? आणि ज्या स्वातंत्र्याची कडी बाहेरून लागते, त्याला स्वातंत्र्य कोणत्या तोंडानं म्हणायचं?

'आधी मंजूर होऊ दे, ते शब्द नंतर काढू' असं समितीतले म्हणतात, हे तूच कळवलंस. बाबांची उमेदीची वर्षं त्या 'नंतर'मध्येच गेली, रे. कालपासून ते दाराशी बसून आहेत, तुझं नाव काढत नाहीत, मागत काहीच नाहीत. म्हणून मी मागते. परवा मतदान आहे. उभा राहा आणि ते तीन शब्द खोडायची दुरुस्ती तू स्वतः मांड.

राखणीला या खेपेस मी आहे.

तुझीच,
ताई